कोणाजवळ बोलायचे, किती बोलायचे



मानसिक आरोग्यावर व्याख्यान म्हटले की ताणतणाव, झोप आणि मोबाइल हे विषय ठरलेले. संयोजकांनी यंदा ती वाट सोडली, याबद्दल त्यांचे आभार. लहानपणी लैंगिक किंवा शारीरिक अत्याचार सोसलेली माणसे मोठेपणी एकमेकांच्या आधाराला म्हणून ठरावीक दिवशी एकत्र बसतात. तिथे डॉक्टर नसतो, फी नसते, केसपेपर नसतो. अशा स्वमदत गटांकडे आम्ही मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक कसे पाहतो, हा आजचा विषय आहे. थोडक्यात सांगायचे तर आमच्या व्यवसायाने या गटांकडे आधी दुर्लक्ष केले, मग संशयाने पाहिले. आता आम्ही त्यांना मानतो, पण अटी घालून. त्या अटी कोणत्या आणि का, ते सांगतो.

दुर्लक्ष किती होते ते पाहा. 1975 साली अमेरिकेतले डॉक्टर मनोविकारशास्त्राचा जो मोठा ग्रंथ अभ्यासत, त्यात घरातल्याच माणसाकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराचे प्रमाण दहा लाखांत एकाच्या आसपास दिले होते. म्हणजे आयुष्यभराच्या प्रॅक्टिसमध्ये अशी एकही व्यक्ती भेटू नये! आपल्याकडे 2007 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतल्या 12,447 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. या पाहणीची व्याख्या बरीच व्यापक होती, घराबाहेरचे प्रसंगही तिच्यात आले. हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. पण डॉक्टरांना दिसत नव्हते आणि विचारल्यावर मुले सांगत होती, एवढे तरी त्यातून कळते.

मग डॉक्टरांना दिसायला लागले कसे? त्याचे श्रेय बरेचसे आघात सोसलेल्या माणसांच्या गटांनाच जाते. 1970 साली न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक आपापसात बोलायला बसू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शातान या मनोविकारतज्ज्ञांना त्यांनी बोलावले, पण उपचारक म्हणून मानाची खुर्ची दिली नाही. बरोबरीने बसा, म्हणाले. 1971 साली त्याच शहरात स्त्रियांनी उघड सभा घेऊन बलात्काराचे अनुभव सांगितले. 1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास, हे निदान आले, त्यामागे या बैठकांचा मोठा रेटा होता. आज आम्ही जे निदान सहीशिक्क्यानिशी लिहून देतो, त्याचा कच्चा खर्डा रुग्णांनी केलेला आहे.

गटात असे काय मिळते, जे माझ्या दवाखान्यात मिळत नाही? समूहोपचारावरच्या आपल्या 1970 सालच्या ग्रंथात मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी बरे करणाऱ्या घटकांत एक महत्त्वाचा घटक सांगितला: हे माझ्या एकटीचेच नाही, हा अनुभव. 'असे पुष्कळांचे झाले आहे' हे मी शंभरदा सांगीन, पण मी पडलो डॉक्टर, धीर देणे माझे कामच. समोरची बाई स्वतःची गोष्ट सांगते तेव्हा तिच्या सांगण्याला वेगळे वजन असते. दुसरी गोष्ट सामाजिक मानसशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी 1965 साली मांडली: मदत करणाऱ्यालाच मदतीचा फायदा होतो. जिला आयुष्यभर 'तुझ्यातच काहीतरी खोट आहे' असे वाटत आले, तिचा एक शब्द दुसरीला उपयोगी पडतो, तेव्हा तिची स्वतःबद्दलची समजूत हलते. माझ्यासमोर ती कायम घेणारीच राहते.

आता आक्षेप. ते तीन आहेत आणि तिन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप वेगाचा. नवीन आलेल्या माणसासमोर चार जणांनी चार अत्याचारांचे बारीकसारीक तपशील सांगितले, तर त्याच्या स्वतःच्या आठवणी उसळतात. तो घरी जातो, रात्रभर जागतो, कधी स्वतःला इजा करतो. जखम उघडायची आणि मलमपट्टीचे सामान जवळ नाही, अशी ती गत होते.

दुसरा आक्षेप स्मृतीचा. 1988 साली एलेन बास आणि लॉरा डेव्हिस यांचे लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठीचे स्वमदत पुस्तक आले. लेखिका मानसोपचाराचे शिक्षण घेतलेल्या नव्हत्या. असंख्य स्त्रियांना त्या पुस्तकाने वाचा दिली. पण नीट आठवत नसले तरी 'झाले असावे' असे वाटणे पुरेसे आहे, या त्यातल्या सुरावर टीकेची झोड उठली. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 24 जणांना, ते लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची बनावट हकिगत सांगितली. सुमारे एक चतुर्थांश लोकांना ती पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. यावरून सगळ्या आठवणी खोट्या ठरत नाहीत. बहुतेकांना अत्याचार सगळा नाही तरी काही भाग आठवत असतोच, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाचेही मत होते. मात्र 'तुझ्या बाबतीतही असेच झाले असणार' असे गटात कोणी म्हणता कामा नये.

तिसरा आक्षेप बारा पायऱ्यांचा. 1935 साली सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची ही पद्धत पुढे अत्याचार सोसलेल्यांच्या काही गटांनीही घेतली. आपण हतबल आहोत, हे कबूल करणे ही त्यातली पहिली पायरी. पुढे स्वतःचे दोष तपासायचे आणि आपण ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करायची. दारुड्याचा 'मी केव्हाही सोडीन' हा ताठा उतरवायला ही पद्धत उत्तम. पण जिची सत्ताच कोणी हिरावून घेतली, तिला पुन्हा हतबलता कबूल करायला लावायची? आणि भरपाई कोणी कोणाची करायची? स्त्रीवादी उपचारकांनी हे प्रश्न रोखठोक विचारले.

तिन्ही आक्षेप नीट पाहिले तर त्यांचे मूळ एकच आहे. अत्याचारात माणसाच्या हातून लगाम काढून घेतलेला असतो. गटाने वेग लादला, आठवण लादली किंवा कबुली लादली, तर तो पुन्हा काढून घेतला जातो. आणि हीच कसोटी डॉक्टरालाही लागू आहे.

हार्वर्डच्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 साली या गुंत्यातून वाट काढली. बरे होण्याचे त्यांनी तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, मग लोकांत परतणे. पहिल्या टप्प्यावर आजचा दिवस कसा काढायचा, एवढेच बोलणारा गट हवा. तिथे बारा पायऱ्यांचे गटही उपयोगी पडतात, असे त्या म्हणतात. झालेले सविस्तर सांगण्याचा गट दुसऱ्या टप्प्याचा. त्याला प्रशिक्षित नेतृत्व हवे, सभासद ठरलेले हवेत आणि मुदतही ठरलेली हवी. लोकांशी नाते जोडायला शिकणारा गट तिसऱ्या टप्प्याचा. तेव्हा 'गटात जाऊ का?' एवढ्यावर उत्तर देता येत नाही. कोणत्या टप्प्यावर, कोणत्या गटात, हे विचारावे लागते.

आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने 1986 पासून व्यसनाच्या बाबतीत समदुःखींच्या बळाचा अनुभव घेतला आहे. दिल्लीत 'राही' ही संस्था 1996 पासून घरातल्या अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी काम करते आहे. पण आपल्या गावांत नुसते आडनाव सांगितले तरी माहेर, सासर आणि मामाचे गाव निघते. म्हणून गोपनीयतेचा नियम आपल्याकडे दुप्पट कडक हवा. कायद्याचेही भान हवे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार एखाद्या मुलावर असा अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची शक्यता दिसली, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गटात 'तो काका आता धाकट्या भाचीला शिकवतो' असे कोणी म्हणाले, तर तिथे गुप्ततेची शपथ चालत नाही. हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना सांगायला हवे.

तेव्हा गटात जाण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. गप्प बसण्याची मुभा आहे का? मध्येच उठून जाता येते का? कोणी कोसळले तर पुढे काय करायचे, हे ठरलेले आहे का? आणि औषधे बंद करा, माफ करून टाका, घरच्यांना जाब विचारा असे हुकूम तिथे सुटतात का? पहिल्या तिन्हींना 'हो' आणि चौथ्याला 'नाही' असे उत्तर मिळाले, तर जायला हरकत नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मात्र आधी उपचार घ्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणे आहे. गटात जाणारा रुग्ण आपल्या हातून निसटला, असे मानू नका. गटात काय झाले ते त्याला विचारा, त्रास झाला असेल तर सावरा, पण जाऊ नको म्हणून दटावू नका. लहानपणी ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांनी कोणाजवळ बोलायचे, किती बोलायचे आणि कुठे थांबायचे हे आता त्यांनीच ठरवायचे. गटाने आणि डॉक्टरांनी त्यांच्या त्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहायचे.