ओव्याचा वास आणि काळी ज्वारी



खरिपाची ज्वारी कणसात भरली आणि परतीचा पाऊस आला की काय होते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. दाणा काळा पडतो. व्यापारी मूठभर दाणे हातावर घेतो आणि भाव पाडून मागतो. खपली नाही ती ज्वारी घरात येते, गुरांपुढे जाते.

हा काळेपणा म्हणजे बुरशी. प्रश्न नुसत्या भावाचा नाही. 1995 साली दख्खनच्या पठारावरच्या 27 गावांत अवकाळी पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. दाण्यात फ्युमोनिसिन नावाचे बुरशीचे विष निघाले. सरकीच्या ढेपेला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन हे दुसरे विष तयार होऊ शकते. ते गाईच्या पोटातून दुधात उतरते.

यावर उपाय म्हणून वासाच्या तेलांचे नाव घेतले जाते. ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा, रोशा गवत. यात तथ्य किती? आपण व्यवहारी माणसे. तपासून घेऊ.

प्रयोगशाळेतली कसोटी साधी आहे. काचेच्या उथळ बशीत बुरशी वाढवतात. बशी पालथी ठेवून खालच्या झाकणात तेल लावलेला कागद घालतात. तेल बुरशीला शिवत नाही, पोचते ती फक्त वाफ. तरीही मात्रा पुरेशी असली की बुरशीची वाढ थांबते. ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल, गवती चहातले सिट्रल बुरशीच्या पेशीच्या आवरणात शिरते आणि ते आवरण गळू लागते. बनारस हिंदू विद्यापीठात अशा तेलांवर बरीच वर्षे काम झाले आहे. तेव्हा गुण आहे, हे मान्य.

आता व्यवहार पाहू.

एक, वाफ कोंडली तरच काम करते. कणगीतून ती उडून जाते, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत टिकते. वाफ ओसरली की थांबलेली बुरशी पुन्हा वाढू शकते.

दोन, दाण्यात आधीच तयार झालेले विष वासाने जात नाही. काळी ज्वारी ओव्याच्या वासाने पांढरी होत नाही.

तीन, जी वाफ बुरशीला मारते ती जास्त झाली तर बियाण्याच्या कोंबालाही मारू शकते. म्हणून आधी थोड्या बियाण्यावर वापरून पाहा. त्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटात घाला, उगवण मोजा, मगच पुढे जा.

चार, खर्च. एक क्विंटल ओव्यातून साधारण 2 ते 4 किलो तेल निघते. एवढे महाग तेल सगळ्या ज्वारीला लावणे परवडणार नाही. घरच्या बियाण्याच्या छोट्या डब्यापुरता हा विचार करावा.

पहिले औषध ऊनच. ज्वारीचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत आला पाहिजे, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग बंद कोठी. वासाचा नंबर त्यानंतर. आणि ज्या गावात खळ्यावर टाकायला ताडपत्री नाही, पावसात दाणा सुकवायची सोय नाही, तिथे ती सोय मागायचीच. ओव्याची पुरचुंडी सरकारची जबाबदारी उचलू शकत नाही.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. पहिल्या महायुद्धाआधी या देशातला ओवा जर्मनीला जाई आणि थायमॉल तिकडे निघे. ओवा पिकवणाऱ्याच्या वाट्याला फक्त कच्च्या मालाचा भाव. उद्या याच वासाची बाटली आपल्या दारात विकायला येईल. तेव्हा भुलायचे नाही आणि हाकलायचेही नाही. विचारायचे: कोठीमागे मात्रा किती? वाफ किती दिवस टिकते? उगवणीचे काय? आणि क्विंटलमागे खर्च किती पडतो?

उत्तर मिळाले तर घ्यावे. नाही मिळाले तर बाटली परत द्यावी आणि ज्वारी उन्हात पसरावी.