तापलेले इंजिन का रुसते?



नाशिकहून पेठकडे जाताना सावळघाट लागतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाचे एक गुरुजी पेडलच्या फटफटीवरून, म्हणजे मोपेडवरून, रोज या वाटेने शाळेला जात. शाळा एकशिक्षकी. गुरुजींना उशीर झाला की मुले ओट्यावर बसून राहत आणि काही सरळ गुरांमागे निघून जात.

गाडीची तक्रार मोठी विचित्र होती. सकाळी एका दमात सुरू व्हायची. घाट पार करून गुरुजी चहाला थांबले, की मग काही केल्या सुरू होत नसे. अर्धा तास गेला, की पुन्हा शहाण्यासारखी चालू! दुरुस्तीला न्यावी, तर तोवर ती थंड झालेली असायची. मग प्लग बदल, कार्बोरेटर साफ कर, वायर बदल, असे चालले. पैसे गेले, दुखणे राहिले.

आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव असेल. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ‘लूना’ आणली आणि पेडलची गाडी गावोगाव पोचली. पुढे इतरही आल्या. फवारणीचे पंप, गवत कापण्याची यंत्रे यांतही असेच छोटे इंजिन असते आणि तेही तापल्यावर असेच रुसते. म्हणून या रुसव्याचा विचार करू.

पूर्वी हिवतापाचा संशय आला, की अंगात ताप असतानाच रक्ताचा थेंब घ्या, असे डॉक्टर सांगत. इंजिनाचेही तसेच आहे. बिघाड उष्णतेचा असेल, तर तपासणी गाडी तापलेली असतानाच, जिथे बंद पडली तिथेच करायला हवी. थंड झालेले इंजिन आपला दोष लपवते.

तपासायचे काय? पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबून धरणारा बंदिस्त सिलिंडर, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिन चालते. थंड असताना तिन्ही आहेत, तापल्यावर एक नाहीशी होते. कोणती, एवढाच प्रश्न आहे.

सर्वांत आधी टाकीचे झाकण सैल करून पाहा. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते धुळीने बुजले, तर टाकीत हवा शिरत नाही आणि थोडे चालल्यावर पेट्रोल खाली उतरेनासे होते. यात उष्णतेचा काही संबंध नाही, पण लक्षण अगदी तेच! झाकण सैल करताच गाडी सुरू झाली, तर एक टाचणी पुरे.

तसे नसेल तर प्लग काढा. तो भाजण्याइतका तापलेला असतो, तेव्हा फडके घ्या. प्लग पेट्रोलने ओला आहे की कोरडा, ते पाहा. मग तो टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा, गाडी स्टँडवर घ्या आणि पेडल मारा. दोन पथ्ये पाळा, बरं का. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून ठिणगी त्यापासून दूर ठेवा. आणि उघड्या हाताने प्लग धरू नका, झटका बसतो.

ठिणगी निळी, कडकडीत असेल तर वीज ठीक आहे. पिवळसर, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर दोष कॉइल, कंडेन्सर किंवा पॉइंट यांत शोधावा. तांब्याची तार ५० अंशांनी तापली, की तिचा विजेला होणारा विरोध सुमारे एक-पंचमांशाने वाढतो. चांगली कॉइल हे सोसते. पण तारेवरचे आवरण जुने झाले असेल, तर तापल्यावर वीज मधेच गळते. निवल्यावर सारे पूर्ववत!

ठिणगी चांगली आणि प्लग ओला, तर पेट्रोल जास्त झाले आहे. गाडी चालू असते तोवर वारा इंजिनाला गार ठेवतो. ती थांबली की वारा बंद, आणि सिलिंडरची धग कार्बोरेटरपर्यंत पोचते. पेट्रोलमधले हलके अंश ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. मग कधी आत पेट्रोल फार होते, तर कधी नळीत वाफ अडकून ते पोचतच नाही आणि प्लग कोरडा राहतो. ओला असेल तर चोक मुळीच ओढू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लग पुसून बसवा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि पेडल मारा. कोरडा असेल तर ओले फडके फक्त नळी आणि कार्बोरेटरवर ठेवून पाहा. तापलेल्या सिलिंडरवर मात्र पाणी ओतू नका; तो तडकू शकतो.

ठिणगीही आहे, पेट्रोलही आहे, पण पेडल नेहमीपेक्षा हलके जाते? मग दाब सुटतो आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. ते काम मिस्त्रीचे. इंजिन मुळात फार तापत असेल, तर त्याच्या पंख्यांमधला चिखल, सायलेन्सरमधली काजळी आणि पेट्रोलमधल्या तेलाचे प्रमाण हेही पाहावे.

एक नियम मात्र सोडू नका : एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉइल आणि कार्बोरेटर एकदम बदलले आणि गाडी चालली, तर दोष कुणाचा होता हे कळत नाही, आणि दोन चांगल्या वस्तूंचे पैसे उगाच जातात. शिक्षक मित्रांनो, वर्गात प्रयोग शिकवताना आपण हेच सांगतो ना? एक गाडी स्टँडवर घेऊन मुलांना हे दाखवा. ते त्यांच्या चांगले लक्षात राहील.

आमच्या गुरुजींनी शेवटी तेच केले. चहा अर्धा टाकून टपरीपुढेच प्लग काढला. प्लग ओला होता, पण पेडल मारून मारून ठिणगी काही दिसेना. अर्ध्या तासाने, गाडी निवल्यावर, तीच ठिणगी निळी. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला त्यांनी ‘गाडी बिघडली’ असे न सांगता ‘तापल्यावर ठिणगी जाते’ असे सांगितले. मिस्त्रीने आधी फक्त कंडेन्सर बदलला. बोटाएवढी वस्तू ती! पुन्हा चहाला थांबून पाहिले, तर गाडी पहिल्याच दमात सुरू झाली.

त्यानंतर ओट्यावरच्या मुलांना वाट पाहावी लागली नाही.