खुराड्यातील गादी

परसातल्या खुराड्यात भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा एकदा पसरला, की कोंबड्यांच्या विष्ठेचा बंदोबस्त झाला असे पुष्कळांना वाटते. परंतु ही गादी केवळ अंथरूण नसून तीत असंख्य सूक्ष्म जीव अहोरात्र विष्ठेचे विघटन करीत असतात, आणि त्यांना हवा व बेताचा ओलावा मिळेल तोवरच हे कार्य सुरळीत चालते. म्हणून आरंभी 2-3 इंचांचा थर द्यावा, पुढे भर घालीत तो 6 इंचांपर्यंत न्यावा आणि आठवड्यातून दोनदा तरी खालीवर करावा.

मूठभर गादी दाबून पाहावी; मूठ उघडताच ती विखुरली तर उत्तम, गोळा तसाच राहिला तर ओल फाजील झाली. कोकणातल्या पावसाळ्यात ही परीक्षा मी नित्याची मानतो. कारण ओल्या गादीतून उठणारा अमोनिया पक्ष्यांच्या डोळ्यांना व श्वासमार्गाला बाधतो, आणि रक्ती हगवणीचे जंतूही तेथेच फोफावतात. दोष बहुधा पाण्याच्या भांड्याचा असतो. ते पक्ष्यांच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवण्याची तजवीज केली, की सांडलवंड पुष्कळ कमी होते. चुना भुरभुरण्याचा प्रघात आहे खरा. पण ओल्या गादीवर त्याने अमोनिया अधिकच सुटतो, यास्तव ओला भाग काढून कोरडे तूस घालणेच मला भरवशाचे वाटते.

उपसलेली गादी नत्राने समृद्ध असते. ताजी घातल्यास रोपांची मुळे करपतात, तेव्हा ती खड्ड्यात काही महिने कुजवूनच वाफ्यांना द्यावी.