आजीचं माहेरचं नाव लिहून ठेवा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं मनोगत)



आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या आईच्या आईचं माहेरचं नाव काय होतं? आडनाव नाही विचारत, तिचं स्वतःचं नाव. आठवतंय का कुणाला?

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहायची आपली रीत. त्या दिवशी तिचं जुनं नाव माहेरीच राहिलं. पुढे ती अमक्याची बायको, मग तमक्याची आई, आणि शेवटी नुसती आजी. ती गेली की आपण दहावं-तेरावं करतो, फोटोला हार घालतो, पितरपाखात पान वाढतो. हे सगळं मायेनंच करतो. पण दोन पिढ्या गेल्या की भिंतीवरचा फोटो कुणाचा, हे सांगणारंही घरात कुणी उरत नाही.

माझी आई विड्या वळायची. आपल्या सिन्नरमधली कितीतरी घरं या विड्यांवर चालली, तुम्हाला वेगळं सांगायला नको. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मजुरी हजारावर. शाळा पाहिली नव्हती, पण हिशेब तोंडपाठ. आता तिला जाऊन दोन वर्षं झाली. माझ्या लेकीला आजी आठवते ती हाताला येणाऱ्या तंबाखूच्या वासानं.

आजी आजारी असताना लेक रोज तिच्या उशाशी बसायची आणि विचारून विचारून शाळेच्या वहीत लिहून घ्यायची. बहात्तरच्या दुष्काळात तू कोणत्या कामावर होतीस? खडी फोडायला किती बाया होत्या? सुकडी कशी लागायची? लाल मिलोची भाकरी थापता यायची का? चारच पानं भरली. पण आईचं माहेरचं नाव मला त्या पानांतून कळलं. आई गेल्यावर भाऊ-बहिणी जमलो, तेव्हा ती वही सगळ्यांच्या हातून फिरली. रडलो, आणि हसलोही.

बहिणाबाई चौधरींचं नाव आपण सगळ्याच घेतो. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेली ही शेतकरी बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता गाणी रचायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तशी ती गाणी कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण जी गाणी कुणी लिहून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. घरातल्या माणसानं हातात पेन घेतलं म्हणून एवढी तरी राहिली.

तुम्ही म्हणाल, आमची आई काही कवयित्री नव्हती. नसेल. पण जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्या तरी कुठं स्वतःला कवयित्री म्हणवून घेत होत्या? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या.

लिहायची सवय आपल्याला नवी नाही. दर बैठकीत आपण इतिवृत्त लिहितो, बचत लिहितो, कर्जाचा हप्ता लिहितो. तेच पेन, तीच वही. म्हणून माझी तीन मागणी आहेत.

एक, प्रत्येक गटानं एक वेगळी वही घालावी. दर बैठकीला एका आजीचं एक पान. ज्या हयात आहेत त्यांना विचारून, ज्या गेल्या त्यांच्या लेकी-सुनांना, नातींना विचारून. पहिल्या ओळीत माहेरचं नाव, आईचं नाव, गाव. मग तिनं केलेली कामं, तिची एखादी ओवी, तिच्या हातचा एखादा पदार्थ. मोबाईलवर आवाज भरून घेतला तर आणखी चांगलं.

दोन, गटाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. पहिल्या बैठकीच्या हजेरीत ज्यांचे अंगठे आहेत, त्यातल्या काही जणी आज नाहीत. त्यांच्या हाताची खूण तेवढीच उरलीय.

तीन, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लागतं. गावात बाळंतीण झाली की दाखल्यावर ते नीट लागलंय का, हे बघा. या नातवंडांच्या आईचं नाव कागदावर राहील. आपल्या आज्यांना मात्र ती सोय नव्हती. त्यांचं नाव आपणच लिहायचं आहे.

माझ्या गटाची वही मी आज आणलीय. पहिलं पान माझ्या आईचं आहे, दुसरं कोरं आहे. सभा संपल्यावर पुढच्या ओळीतल्या आज्यांनी लगेच उठू नये. चहा येतोय, आणि मी पेन घेऊन तुमच्याशेजारी बसणार आहे.