अफवेचा प्रादुर्भाव
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कीड-रोगांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज अफवेविषयी बोलू.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश त्याआधी मोबाईलवरून फिरत होते. लेकराचा विषय निघाला की रक्त उसळते आणि चौकशी मागे राहते.

हे केवळ अडाणीपणाने घडते, असे मला वाटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील फेसबुक व ट्विटरवरील मजकुराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अविश्वासू ठिकाणच्या बातम्या विश्वासू बातम्यांपेक्षा अधिक संताप उठवितात आणि असा मथळा लोक आतील मजकूर न वाचताच पुढे पाठविण्यास अधिक तयार असतात, असे त्यात आढळले. यंत्रणाही त्याला खतपाणी घालते. फेसबुकने २०१७ पासून काही काळ रागाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते. रागाचे वजन पुढे २०२० मध्ये शून्यावर आणले.

भीतीचेही तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये कपाशीच्या शेतातील दोन मृतदेहांचे छायाचित्र फिरले. सोबत घोणस अळीचे चित्र आणि मजकूर असा, की ही अळी चावताच माणूस मरतो. प्रत्यक्षात ते मृत्यू चाळीसगाव तालुक्यात वीज पडून झाले होते. ऐन हंगामात निंदणी-खुरपणीला मजूर शेतात उतरेनात, तर नुकसान कोणाचे? आणि विजेपासून सावध राहण्याची खरी गोष्ट बाजूलाच पडली!

तेव्हा असा संदेश आला, तर गाव, तारीख व सांगणाऱ्याचे नाव त्यात आहे का, ते पाहावे. नसल्यास पुढे पाठवू नये. कृषि सहाय्यकास किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारावे. फोन निःशुल्क आहे.

आता घोणस अळीविषयी. ती चावत नाही. अंगावरील काटेरी केस टोचून त्वचेत दाह होतो. त्या जागी चिकटपट्टी लावून ओढून काढावी म्हणजे केस निघतात, मग बर्फ लावावा. त्रास वाढल्यास डॉक्टरांकडे जावे. बांधावरील गवतात व एरंडीवरही ती आढळते, म्हणून पावसाळ्यात गवत कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे घालावेत.