परत आलेले मूल
(बोरी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



एखाद्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की ‘तो तुरुंगात गेला’ असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे यथार्थ नव्हे. अशा मुलास सुधारण्याची संधी द्यावी, हा विचार आपल्याकडे जुना आहे. मुंबईस डेव्हिड ससून सुधारशाळा १८५७ साली निघाली. मुंबई बालक अधिनियम १९२४ साली झाला.

हल्लीचा कायदा २०१५ चा. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात. त्यांपैकी एक स्त्री असावीच लागते. घरी सोडणे हिताचे नसेल, तरच चौकशीपुरते निरीक्षणगृह. दोष सिद्ध झाल्यास समज, समाजसेवा, अथवा फार तर तीन वर्षे विशेषगृह. तेथे शिक्षण, हातास कसब आणि समुपदेशन देण्याची तरतूद आहे. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिघोर गुन्ह्यांची बाब तेवढी निराळी.

माझ्या वर्गातील एक मुलगा असाच परत आला होता. मी त्यास शेवटच्या बाकावर एकटे बसविले. आठवड्याभरात त्याने शाळा सोडली. कायद्याने पुसलेला डाग मी, त्याच्या गुरुजीने, पुन्हा लावला. ते शल्य आजही मनात आहे.

बंधुभगिनींनो, असे मूल परतल्यास त्यास शाळेत घाला, दुकानात हाताशी घ्या, पंगतीत शेजारी बसवा. एवढीच माझी नम्र विनंती.