घर गार ठेवण्याचा हिशेब

उन्हाळा तोंडावर आला की भोकरदन तालुक्यात घरोघर एक प्रश्न निघतो. जुना कूलर खडखडतो आहे. तो दुरुस्त करावा, नवा घ्यावा, की एकदाचा एसीच बसवून मोकळं व्हावं? दुकानदार किंमत सांगतो, आपण घासाघीस करतो, आणि हिशेब संपला असं समजतो. पण बंधुभगिनींनो, खरा खर्च समजायला आधी मान वर करून छपराकडे पाहावे लागते.

आपल्याकडच्या जुन्या घरांवर धाबं असे. कुणी त्याला माळवद म्हणतात. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या नाहीतर काटक्या, पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली येथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनांच्या काळची वस्ती उजेडात आली. या उन्हाशी माणसाचा संसार येथे दोन हजार वर्षांचा आहे म्हणायचा! त्या मातीच्या थराचे काम साधे होते. दुपारची उष्णता त्यातून खाली उतरायला कित्येक तास लागत, आणि ती उतरेपर्यंत रात्र होई. तोवर माणसे अंथरूण घेऊन धाब्यावर झोपायला गेलेली असत. वीज नाही, बिल नाही.

मग धाबं गेलं का? त्याला कारणे होती, ती विसरून चालणार नाही. दर पावसाळ्याआधी माती घालायची, तरी गळायचं ते गळायचंच. विंचूकाट्याची भीती. लाकूड महाग झाले. त्यात ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वरचा मातीचा भार यांखाली झोपेतली माणसे गाडली गेली. तेव्हापासून मराठवाड्यात जड छपराचा धसका बसला, आणि तो खोटा नाही. म्हणून धाबं परत आणा असं मी सांगत नाही.

त्याच्या जागी पत्रे आले. हलके, स्वस्त, दोन दिवसांत बसणारे. पण पत्रा ऊन अडवत नाही. तापतो आणि ती आग थेट खोलीत सोडतो. वाचलेला पैसा मग दर उन्हाळ्यात हप्त्याने द्यावा लागतो.

हा हप्ता मोजू या. साधा घरगुती कूलर सुमारे दोनशे वॉटचा धरा. दहा तास चालला तर दोन युनिटे, महिन्याला साठ. दीड टनाचा एसी पत्र्याखाली लावला तर तो दम घेत नाही. दहा तासांना बारा-पंधरा युनिटे सहज जातात, महिन्याला साडेतीनशेच्या वर. महावितरणचा घरगुती दर पायरीपायरीने चढतो. शंभर युनिटांची पायरी ओलांडली की पुढचे युनिट महाग, तीनशेच्या पुढे आणखी महाग. शिवाय जुनी वायरिंग तो भार सोसेल का, हे आधी वायरमनला विचारावे लागते.

मग कूलर बरा? विजेला बरा. पण त्याची किंमत पाण्यात आहे. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते. कडक उन्हात मोठा कूलर तासाला सहा लिटर पाणी पितो असे धरले, तर दहा तासांत साठ लिटर झाले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे कूलर आणला की घरात एक माणूस वाढला! २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्याने पाहिला आहे. टँकरच्या गावाला हा पाहुणा परवडतो का, ते ज्याने त्याने पाहावे.

जुना कूलर लगेच भंगारात घालू नका. बहुधा क्षारांनी ताट्या बुजलेल्या असतात, नाहीतर पाण्याची मोटर गेलेली असते. या वस्तू नव्या कूलरपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर गारवा जाऊन नुसता दमटपणा उरतो.

एका खर्चात मात्र काटकसर नको. तो अर्थिंगचा. पत्र्याचा कूलर, आत पाणी, ओल्या फरशीवर अनवाणी मूल, आणि अर्थिंग नाही, यात जीव जातो. पाणी भरण्याआधी प्लग काढायचाच, नुसते बटण बंद करून भागत नाही. आठवड्याला टाकी कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचा डास तेथेच वाढतो.

आणि छपराचे काय? अहमदाबादेत २०१० च्या उन्हाने फार माणसे दगावली. २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी रंगवली. आपल्याला चुना आहे. नुसता लावला तर पत्र्यावरून धुपतो. डिंक घालून लावावा. पत्र्याखाली तुराट्यांचे किंवा बांबूचे छत घालून मध्ये वीतभर पोकळी ठेवली तरी ताप कमी होतो. फक्त चूल आणि विजेच्या तारा त्यापासून लांब असू द्या.

गुरुजी, हे मुलांकडून पडताळून घ्या. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या, एकाला वरून चुना लावा, दोन्हींत थर्मामीटर ठेवून अंगणात मांडा. बारा, दोन आणि चार वाजता आकडे वहीत लिहायला सांगा. आणि ज्यांच्या घरी कूलर आहे त्या मुलांना एक दिवस बादल्या मोजून पाणी भरू द्या, प्लग काढून.